बोहुन्का माथ्यावरून जाते

प्रिय बोहुन्का,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. मागच्या बाजूला तुझा दर वर्षीचा प्रश्नही पोचला, "विल्मा, ते काम नीट केलंस ना गं?" उत्तर शेवटी देते. आधी तुझी गोष्ट लिहून काढते, कारण हल्ली आपल्या इमारतीत पोरंपोरी पातरनोस्तरचे फोटो काढायला येतात, त्याच्यासमोर माना वाकड्या करून स्वतःचेही काढतात, आणि तो आज चालू आहे तो कोणामुळे, हे एकालाही ठाऊक नसतं. गोष्ट सांगताना तुला 'तू, तू' म्हणत बसले तर मला भरून येईल, आणि या वयात भरून यायला मला सवड नाही. म्हणून पुढे तू बोहुन्का, आणि पाचव्या मजल्यावर नकाशे काढणारी विल्मा म्हणजे मी. चुकलं तर कळव.

बोहुन्का मालिनोवा प्रागच्या धरणखात्यात टपाल वाटायची. तळमजला आणि वर सात मजले, मजल्यावर पंचवीस-तीस खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कुठल्या ना कुठल्या फायलीची वाट बघत बसलेला एक तरी साहेब. इमारतीच्या मधोमध पातरनोस्तर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. मडक्यांच्या जागी लाकडी खण, एका खणात दोन माणसं, प्रत्येक खणाला पितळी नंबर. डावीकडचे खण वर जातात, उजवीकडचे खाली येतात. दार नाही, बटण नाही, थांबणं तर नाहीच. सकाळी सहाला सुरू झाला की संध्याकाळी पाचपर्यंत फिरत राहणार. आपण चालत्या खणात पाय टाकायचा आणि चालत्या खणातून काढायचा. एक पूर्ण फेरी पाच मिनिटांची.

बोहुन्का सत्ताविसाव्या वर्षी तिथे आली. पहिल्या दिवशी दारावरच्या हेय्दानं तिला अडवलं. "बाई, घाई करू नका. आधी दहा खण नुसते जाऊ द्या. नजर बसली पाहिजे."

"का? त्यांच्याशी काय लग्न करायचंय?" असं म्हणून बोहुन्का तिसऱ्याच खणात शिरलीसुद्धा. दोन्ही हातांत फायली, पायांत ऑफिसात घालायच्या कापडी चपला. हेय्दाच्या डोळ्यांसमोरून आधी तिचं डोकं गेलं, मग कंबर, मग चपला. वरून तिचं हसणं ऐकू येत राहिलं, दुसऱ्या मजल्यापर्यंत.

तिला एवढं हसू येण्याचं कारण साधं होतं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, ती नऊ वर्षांची असताना, बाँब पडून त्यांच्या घराच्या तळघराचं दार गाडलं गेलं होतं. आत ती, तिची आई आणि शेजारच्या दोन बायका. दोन दिवस. तेव्हापासून बंद दाराच्या मागे बोहुन्काचा श्वास अडकायचा. घरी ती संडासाचं दारसुद्धा लोटून ठेवायची, लावायची नाही. बंद लिफ्टमध्ये तर तिनं आयुष्यात पाय ठेवला नव्हता. आणि इथे हा एक पाळणा होता की ज्याला दारच नव्हतं! वर जाता जाता प्रत्येक मजला तिच्यासमोर उघडायचा. पहिल्यावर कोणाचे तरी बूट, मग पँट, मग चेहरा, की लगेच दुसऱ्यावर दुसऱ्याचे बूट. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या टेबलावर कार्नेशनचं फूल आलंय, कोण शुक्रवारी अकरालाच शनिवार-रविवारच्या सुट्टीसाठी गावाकडच्या झोपडीवर पळण्याच्या तयारीत रबरी बूट घालून बसलाय, सगळं तिला दिसायचं. ती म्हणायची, "लोक नाटकाला पैसे देतात. मला इथे त्याचा पगार मिळतो."

नव्या माणसाला आमच्याकडे एक गोष्ट न चुकता सांगितली जायची. सातव्यावर उतरायचं विसरलात तर खण माथ्यावर उलटा होतो आणि माणूस डोक्यावर उभा राहून खाली येतो. चांगले शिकलेसवरलेले इंजिनियर सातवा जवळ आला की खणाच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे. विल्मा पाच वर्षं विद्यापीठात भूमिती शिकून आली होती. साखळीला टांगलेला खण उलटू शकत नाही हे तिला कागदावर सिद्ध करता आलं असतं. तरी तीही सातव्यावर उतरायची.

बोहुन्का तिसऱ्या दिवशी माथ्यावरून गेली. मुद्दाम. विल्मा सातव्यावर उभी होती, तिच्यासमोरून बोहुन्का वर गेली आणि चपला दिसेनाशा झाल्या. अर्ध्या मिनिटानं उजवीकडच्या खणातून आधी चपला उतरल्या, मग बोहुन्का. सरळ उभी. गाल लालबुंद.

"अगं, काय आहे वर माहितीये?" ती जाता जाताच ओरडली. "माझ्याएवढाली चाकं! दोन! ग्रीसचा असा वास! आणि खण आडवा सरकतो बाई, बोटीसारखा! आणि भिंतीवर नावं—" बाकीचं सहाव्या मजल्याला ऐकू गेलं.

नावांचं पुढे डबा खाताना सांगितलं. माथ्यावर एक दिवा असतो आणि हाताच्या अंतरावर चुन्याची भिंत. जे जे माथ्यावरून गेले त्यांनी त्या भिंतीवर खडूनं नावं लिहिलीत, अगदी आजोबांच्या काळापासून. बारा सेकंद मिळतात. लांब नावाच्या माणसाला दोन फेऱ्या लागतात. बोहुन्कानं दुसऱ्या दिवशी खडू नेला आणि एका फेरीत 'बोहुन्का' लिहून आली.

आता धरणखात्याची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून झाला. कोणी स्वतः फाइल घेऊन जायचंच असं नव्हतं. फाइल रिकाम्या खणात ठेवायची आणि शेजारच्या, सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळावर किल्लीनं टोले द्यायचे. पाच टोले म्हणजे पाचवा मजला. पाचव्यावर जो नळाजवळ बसला असेल तो उठून येणारा खण बघायचा आणि फाइल उचलायचा. नियमात हे बसत नव्हतं, पण वीस वर्षं सगळं खातं असंच चाललं. फायली जायच्या, छत्र्या जायच्या, सप्टेंबरात अळंब्यांच्या टोपल्या जायच्या. एकदा एका मांजराच्या पिल्लानं तीन फेऱ्या मारल्या. बोहुन्का या सगळ्याची सेनापती. नुसता टोल्याचा आवाज ऐकून ती सांगायची, "हा दुसऱ्या मजल्यावरचा किल्लीवाला. चिडलाय आज."

या पातरनोस्तरनं आम्हाला जरा बिघडवूनही ठेवलं होतं. धरणखात्याची माणसं बाहेर कुठेही लगेच ओळखू येत. परक्या इमारतीत लिफ्टसमोर ती शांतपणे उभी राहायची, बटण न दाबता, आता येईलच म्हणून. बोहुन्काचा डावा गुडघा धरला तेव्हा विल्मा तिला इस्पितळात घेऊन गेली. लिफ्टसमोर दोघी पंधरा मिनिटं गप्पा मारत उभ्या. शेवटी एक नर्स म्हणाली, "काय हो, कोणाची वाट बघताय?"

"लिफ्टची," विल्मा म्हणाली.

"मग बोलवा की तिला!" नर्सनं बटण दाबलं. लोखंडी दार उघडलं. बोहुन्कानं आतली पेटी पाहिली, तिच्या ओठांवर घाम आला, आणि ती चार मजले जिन्यानं चढली, त्याच गुडघ्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "कधी दुखतो?" तर म्हणाली, "आत्ता. तुमच्या जिन्यामुळे."

हे झालं एक्याऐंशी साली. त्याच सप्टेंबरात संचालकांनी परिपत्रक काढलं. येत्या शुक्रवारी लिफ्टची सुरक्षा तपासणी होणार, त्या दिवशी खणातून काही पाठवायचं नाही, उचलायचं नाही. तपासणीस इंजिनियर होलेचेक. या माणसानं शहरातले तीन पातरनोस्तर वर्षभरात बंद केले, अशी त्याची ख्याती होती. आमचा बंद पडला तर तिथे दाराची लिफ्ट बसवणार हेही ठरलेलं होतं, आणि टपाल वाटणाऱ्या बाईला तळघरातल्या दप्तरखान्यात हलवणार होते. दप्तरखान्याला लोखंडी दार होतं. आगीच्या भीतीनं ते सतत बंद ठेवायचे.

बोहुन्कानं परिपत्रक वाचलं, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकलं. "मी जाणार नाही तळघरात," ती विल्माला म्हणाली. "नोकरी सोडीन. पण या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, या गुडघ्यासकट? आणि घेतलंच, तर तिथे असला पाळणा कुठून असणार?"

 विल्मा म्हणाली, "तू शुक्रवारी फक्त गप्प बस."

"ते तर मला तळघराहून कठीण," बोहुन्का म्हणाली.

शुक्रवार उजाडला. होलेचेक आला, उंच, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा, हातात चामडी बॅग. त्यानं सकाळभर काम केलं. काही अडकलं की पाळणा थांबवणारी उंबऱ्याची फळी पायानं उचलून पाहिली, पाळणा जागच्या जागी थांबला. साखळी पाहिली, तेल पाहिलं, दिवे मोजले. काही काढता येईना. साडेअकराला तो तळमजल्यावर हेय्दाच्या टेबलाशी कागद पसरून बसला. समोर संचालक घाम पुशीत उभे. बोहुन्का फायलींचा गठ्ठा घेऊन रबराच्या झाडाशेजारी उभी, गप्प.

"एकच राहिलं," होलेचेक म्हणाला. "या इमारतीत सामान एकटंच खणातून फिरतं, अशी तक्रार आहे. सामान अडकलं तर माणूस मरतो. हे खरं असेल तर मी आजच सील ठोकतो."

"छे छे, इंजिनियरसाहेब," संचालक म्हणाले. "इथे फक्त माणसं."

"शप्पथ," हेय्दा म्हणाला आणि विषय बदलायला पुढे म्हणाला, "साहेब, यंदा अळंब्या कशा आहेत तुमच्याकडे?"

नेमक्या त्याच वेळी खालच्या खानावळीत ल्युबा नावाची आमची आचारीण खूश होती. तपासणीससाहेबांसाठी तिनं पहाटेपासून खपून चोवीस ख्लेबीच्की रचले होते. पावाच्या तिरक्या चकतीवर बटाट्याचं सॅलड, वर हॅमची गुंडाळी, अंड्याची चकती आणि लोणच्याच्या काकडीचा पंखा. ते सहाव्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत पोचवायचे होते. ल्युबाला परिपत्रक कोणी दाखवलंच नव्हतं. तिनं ट्रे अकरा नंबरच्या खणात ठेवला आणि नळावर सहा टोले हाणले.

टोले सहाव्यानं ऐकले. पण आज खणातून काही उचलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. सहावा मजला हुकूम पाळत हातावर हात ठेवून बसला. ट्रे त्यांच्या नाकासमोरून वर गेला, माथ्यावरून वळला आणि उजवीकडून खाली यायला लागला. सातव्यावरच्या दोघांना राहवलं नाही, त्यांनी एकेक उचलला. सहाव्यानं तर हुकूम मोडायचाच तर नीट मोडू म्हणून चार उचलले. पाचव्यावर विल्मानं ट्रे येताना पाहिला. तिला ओढून बाहेर काढायचा होता. पण धीर होईपर्यंत खण निम्मा खाली गेला होता आणि तिच्या हातात एक ख्लेबीचेक राहिला. चौथा, तिसरा, दुसरा मजला, सगळे उभ्याउभ्या खात होते.

तळमजल्यावर बोहुन्कानं मान वर केली तर उजवीकडच्या खणात छताखालून एक ट्रे उतरत होता. ट्रेमध्ये नऊ ख्लेबीच्की. माणूस नाही.

होलेचेकची पाठ होती. त्याचं पेन कागदावर होतं. संचालकांनी ट्रे पाहिला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

बोहुन्कानं फायली हेय्दाच्या मांडीवर टाकल्या. तीन ढांगा, आणि दुखऱ्या गुडघ्यासकट ती अकरा नंबरमध्ये. ट्रे उचलला तेव्हा खण जमिनीखाली चालला होता. वर चढून बाहेर यायला उशीर झाला होता. खानावळीचा मजला गेला, ल्युबाचं उघडं तोंड गेलं, आणि अंधार. खालचं चाक कुरकुरलं, खण आडवा सरकला. तिनं ट्रे छातीशी धरला. अंधार होता, जमिनीच्या पोटात होता, पण एका बाजूचा उजेड मावळायच्या आत दुसऱ्या बाजूचा दिसायला लागला. हे तिला वीस वर्षं माहीत होतं. आज तिनं ते मोठ्यांदा म्हटलं, "येतोय. येतोय उजेड."

डावीकडून ती वर आली तेव्हा होलेचेक पेन हातात धरून उभा होता. त्याला आधी तिचं डोकं दिसलं, मग ट्रे, मग चपला.

"बाई! तुम्ही खाली गेला होता की वर येताय?"

"दोन्ही," बोहुन्का म्हणाली.

"तळातून वळायला बंदी आहे!"

"उतरायला उशीर झाला साहेब. गुडघा धरलाय माझा." खण चढतच होता, तिच्या चपला त्याच्या गुडघ्यांपर्यंत आल्या होत्या. "आणि सामान एकटं नाही, मी आहे बरोबर! तुमचेच ख्लेबीच्की आहेत, सहाव्यावर चाललेत. येताय का? लवकर बोला, हा थांबत नाही!"

का कोण जाणे, होलेचेक उडी मारून चढला. हेय्दा सांगतो, अशी उडी त्यानं फक्त सर्कशीत पाहिली होती.

पुढचं फक्त बोहुन्काला ठाऊक आणि तिनं सांगितलं म्हणून विल्माला. होलेचेकनं एक ख्लेबीचेक घेतला, मग दुसरा. दुसऱ्या मजल्यावर तो ल्युबाच्या सॅलडबद्दल बोलत होता. चौथ्यावर त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही माथ्यावरून गेलाय कधी?"

"रोज. का? तुम्ही नाही?"

त्यानं उरलेला घास तोंडात टाकला. मग मिशी पुसत म्हणाला, "माझे वडील अशाच एका इमारतीत कारकून होते. मला म्हणायचे, माथ्यावर गेलास तर डोक्यावर उभा राहून येशील. चाळीस वर्षं हे पाळणे तपासतोय. वर जिन्यानं जातो, पाळणा बंद करून चाकं बघतो. चालत्यातून नाही गेलो."

"अहो, पण तुम्ही इंजिनियर ना?"

"म्हणून काय झालं?"

सहावा आला. बैठकीच्या खोलीतल्या लोकांनी पाहिलं, तपासणीस आणि टपालवाली तोंडं भरून समोरून वर गेले. सातवा आला. बोहुन्का म्हणाली, "उतरा साहेब. नाहीतर माझा हात धरा."

त्यानं हात धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीही मनगटावर त्याची बोटं होती. मजला खाली गेला, चाकांचा गडगडाट डोक्यावर आला, दिवा आला. खण सरकला, आणि कोणीच उलटं झालं नाही.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यानं विचारलं.

"इथे दार कुठे आहे?" बोहुन्कानं एप्रनमधून खडू काढून त्याच्या हातात ठेवला. "लिहा. बारा सेकंद. त्यातले तीन संपले."

त्यानं लिहिलं. हुद्दा नाही, आडनाव नाही. आई ज्या नावानं हाक मारत असेल ते, 'येंडा'.

खाली आला तेव्हा मिशीला अंडं, बाहीला खडू आणि डोळे लहान मुलासारखे चकाकत होते. संचालक पुढे धावले. त्यानं हातानंच थांबवलं. "अजून बघायचं राहिलंय," तो म्हणाला आणि पुन्हा वर गेला. एकटा. दुपारी एकपर्यंत चार वेळा गेला. झोपडीवर जाणारी त्याची गाडी चुकली.

अहवाल आठ दिवसांनी आला. पातरनोस्तर चालू राहणार होता. खाली तीन नियम होते, ठळक अक्षरात, फलकावर रंगवून तळमजल्यावर लावायचे. खणात सामान एकटं ठेवू नये. माथ्यावरून आणि तळातून जाऊ नये. पायाचं दुखणं असलेल्या व्यक्तींनी वापरू नये.

तिसरा नियम बोहुन्कानं दोनदा वाचला. खरं बोललं की असं होतं! सांगणारी तीच, लिहिणारा तो, आणि माणूस भला असला तरी पेन हातात आलं की इंजिनियर तो इंजिनियरच. विल्मा रागानं लाल झाली. "मी त्याला पत्र लिहिते. तूच वाचवलंस आणि तुलाच बंदी?"

"गप गं. पत्र लिहिलंस तर पुन्हा तपासायला येईल." बोहुन्कानं फलक काखेत मारला. "चला हेय्दा, खिळे आणा. कुठे लावायचा?"

हेय्दानं चष्मा पुसला, सगळीकडे नजर फिरवली आणि रबराच्या झाडामागची भिंत दाखवली. त्या झाडाची पानं ताटाएवढी होती. "इथे. नियमाप्रमाणे तळमजल्यावरच झाला की."

बोहुन्कानं स्वतः फलक धरला, हेय्दानं खिळे ठोकले. मग ती लंगडत पातरनोस्तरसमोर गेली. त्या क्षणापासून पुढे अकरा वर्षं, ती खणात शिरायची झाली की हेय्दाला न चुकता बुटाची नाडी बांधायची आठवण यायची. त्या अकरा वर्षांत सरकार बदललं, खात्याचं नाव बदललं, फायली कमी झाल्या. दुसराही गुडघा गेला. ती एका हातानं दांडी धरून, एक पाय उचलून, 'हं!' म्हणून खणात शिरायची आणि तिच्या चपला छताआड जाईपर्यंत तिचं हसणं ऐकू येत राहायचं.

आता तुझ्या प्रश्नाकडे, बोहुन्का.

निवृत्तीच्या दिवशी तू मला पाचव्यावर येऊन खडू दिलास. म्हणालीस, "माझं नाव पुसट झालंय, येंडाचंही. हे गुडघे आता हात वर करून उभं राहू देत नाहीत. तू जा आणि दोन्ही पुन्हा लिही. बारा सेकंदांत दोन नावं बसतात, मी मोजलंय." मी हो म्हटलं. पुढच्या नाताळला तू विचारलंस आणि मी लिहिलं, झालं. त्यानंतर दर वर्षी लिहिते, झालं, छान दिसतात. ते खोटं आहे. सत्तावीस वर्षं खोटं आहे.

परवा मंगळवारी पुन्हा गेले. खडू पर्समध्ये होता, तुझाच. आता इमारतीत वकील आणि विमावाले आहेत, पण दारावरचा माणूस मला ओळखतो. अकरा नंबर आला, मी चढले. पाचवा गेला, सहावा गेला. मी खडू हातात घेतला. वर चाकं ऐकू येत होती. सातवा आला आणि मी उतरले.